गल्लीभर बोंबलणारा ब्रेक

"सायकल घेतली का शंख घेतला, मिस्त्री? आता चालवत जाऊ का वाजवत जाऊ, ते तरी सांग."

भाऊसाहेब माझ्या दुकानापासून अजून चार घरं लांब होते, तेव्हापासून हे चालू होतं. या माणसाने उभा जन्म बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारला. सटाण्याहून आलेला ट्रॅक्टरवाला इंजिन चालू ठेवून टपावर झोपलेला असला तरी त्याला आपल्या कांद्याचा भाव स्वप्नात ऐकू जायचा, असा गळा. भाऊसाहेब निवृत्त झाले, गळा काही झाला नाही. ते बोलायला लागले की दुकानात टांगलेल्या ट्यूबा आपोआप फुगतात. खोटं वाटत असेल तर एकदा पंचवटीत येऊन बघा. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत कुणालाही सायकलवाला मिस्त्री विचारा.

"काय झालं भाऊसाहेब?"

"काय झालं? हे बघ." असं म्हणून त्यांनी कोरी करकरीत सायकल जागेवरच थोडी पुढे ढकलली आणि ब्रेक दाबला.

मी या धंद्यात मिशी काळी होती तेव्हापासून आहे. बेअरिंग कण्हताना ऐकलेत, चेनी रडताना ऐकल्यात. निफाडच्या एका द्राक्षबागायतदाराने तर "पेडल मारलं की कटकट होते" म्हणून माझ्याकडून अख्खा क्रँक उतरवून घेतला होता. शेवटी मीच त्याला सायकलवरून उतरवून नुसतं चालायला लावलं, तर कटकट तशीच. आवाज त्याच्या डाव्या गुडघ्यातून येत होता. मी म्हटलं, हा पार्ट आमच्याकडे मिळत नाही. पण भाऊसाहेबांच्या ब्रेकसारखा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने गिरणी बंद केली, त्याला वाटलं आपलंच जातं फुटलं.

"लोकं हसतात," भाऊसाहेब म्हणाले. "म्हणतात, लिलाववाल्याला सायकल पण तसलीच गावली. आता मी काय ही चालवणार नाय. उद्यापासून स्कूटर काढतो."

आणि स्कूटर काढायची त्यांना सोय नव्हती. त्यांची साखर इतकी वाढली होती की डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, रोज सकाळी तासभर सायकल मारा आणि गोड बंद करा. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला नाही तर पोटात टोचायची इंजेक्शनं सुरू. म्हणून पुण्याच्या मुलाने ही सायकल पाठवलेली. आणि इंजेक्शनचं नाव काढलं की हा लिलावाचा वाघ अंगणवाडीतल्या पोरासारखा दाराआड लपतो, हे सगळ्या पंचवटीला माहीत. म्हणजे ब्रेकचा आवाज थांबला तर सायकल टिकणार, सायकल टिकली तर सुई टळणार. माझ्या पान्यावर एवढा भार याआधी कुणी टाकला नव्हता.

आता ज्यांनी डिस्क ब्रेक फक्त लांबून बघितलाय त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या सायकलीला रबराचे गुटके रिंगवर दाबले जायचे. डिस्कच्या सायकलीत चाकाच्या मधोमध एक पातळ पोलादी थाळी असते. ती फिरते एका चिमट्यातून, त्याला कॅलिपर म्हणतात. चिमट्याच्या आत दोन बाजूंना दोन पॅड, बिस्किटाएवढे. ब्रेक दाबला की पॅड थाळीला दोन्हीकडून धरतात. धरणं नीट असलं तर ब्रेक मुका. धरणं जरा धरसोडीचं झालं, पकडलं-सोडलं, पकडलं-सोडलं, की थाळी थरथरते आणि थरथरली की बोंबलते. जेवणाच्या ताटाच्या कडेवर ओलं बोट फिरवून बघा, तोच प्रकार. संसारातही असंच असतं, पण हे छापून येणारा दिवाळी अंक घरात सगळेच वाचतात, म्हणून ते सोडून देतो.

नवा ब्रेक ओरडतो त्याची कारणं ठरलेली. पॅड अजून थाळीवर बसलेले नसतात, चिमटा तिरका असतो, बोल्ट ढिला असतो, नाहीतर थाळीला काहीतरी चिकट लागलेलं असतं. भाऊसाहेबांच्या सायकलीत पहिली तिन्ही निघाली. ज्याने कुणी खोक्यातून काढून जोडली होती त्याने बोल्ट बहुधा बोटानेच आवळले होते. मी चिमटा सरळ केला, बोल्ट कसले, थाळी स्पिरिटने पुसली आणि पॅड बसवायला सायकल घेऊन उतारावर गेलो. ही बसवण्याची रीत अशी: वेग घ्यायचा, हळूहळू ब्रेक दाबायचा, थांबायच्या आत सोडायचा, परत वेग घ्यायचा. नदीकडे जाणारा आमचा उतार, माझं पोट आणि गल्लीतल्या गाई, या तिघांनी मिळून पॅड असे बसवले की सायकल मांजरासारखी थांबायला लागली.

भाऊसाहेब खूश. आणि मी, माझ्या स्वभावाप्रमाणे, जरा जास्तच बोललो.

"एक लक्षात ठेवा. जगात काहीही कुरकुरलं तर तेल घालतात. दार, झोपाळा, पंखा. ही एकच वस्तू देवाने उलटी केलीय. या थाळीला तेलाचं बोट लागलं की संपलं. पॅड तेल पितो आणि असा बोंबलतो की रामकुंडावर ऐकू जाईल."

"घरी सगळ्यांना सांगतो," भाऊसाहेब म्हणाले. घरी सगळे म्हणजे ते आणि मालतीवहिनी. त्यांनी सांगितलं असणार. त्या गळ्याने सांगितलं म्हणजे निम्म्या पंचवटीला कळलं असणार.

आठवडा गेला नाही तर भाऊसाहेब परत हजर. या वेळी ते ओरडत नव्हते, त्याची गरज नव्हती. सायकलच ओरडत आली.

आवाज आधीपेक्षा वाढला होता. त्या सकाळी रामकुंडावर एका घरचे लोक पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत बसलेले. कावळा आला, पिंडाशी वाकला, तेवढ्यात भाऊसाहेबांनी गल्लीत ब्रेक दाबला. कावळा जो उडाला तो थेट तपोवनात उतरला म्हणतात. घरचे लोक म्हाताऱ्याच्या अपुऱ्या इच्छा आठवू लागले. बंगल्याची वाटणी नीट करू, म्हणाले, कावळा येईना. धाकट्याचं लग्न करू, म्हणाले, येईना. शेवटी गुरुजी तावातावाने माझ्या दुकानात. "मिस्त्री, इथे लोकांचे आत्मे अडकलेत तुमच्या ब्रेकपायी." हे मी जरा फुगवून सांगतोय असं वाटेल. गुरुजी आले होते हे खरं, एवढंच सांगतो.

मी पॅड काढून बघितले. तेलकट, चकचकीत. पॅडने एकदा तेल प्यायलं की ते सुटत नाही. घासा, भाजा, शिव्या द्या, काही उपयोग नाही. फेकून नवे घालावे लागतात.

"तेल घातलंत ना?"

"देवाशपथ नाय."

"चेनीवर मारताना उडालं असेल."

"चेनीला हातसुद्धा नाय लावला. मिस्त्री, मी वेडा हाय का? हा आवाज काय मला पाहिजे? सकाळी मी गल्लीतून जातो तर पोरं कान धरून बसतात."

मी नवे पॅड घातले, थाळी पुसली, उतारावर परत पोट घेऊन फिरलो. सायकल परत मांजर झाली. आणि थोड्याच दिवसांत परत शंख.

आता मात्र मला झोप लागेना. सराफाला पितळ सोनं म्हणून विकलं गेलं तर जे वाटेल ते मला वाटायला लागलं. गल्लीत कुजबुज सुरू झाली की मिस्त्रीचा हात आता साध्या सायकलींपुरताच राहिला, नव्या गाड्या त्याला झेपत नाहीत. वर भाऊसाहेबांनी फर्मान सोडलं: "ही शेवटची खेप. परत ओरडली तर सायकल भंगारात आणि मी स्कूटरवर. मग टोचू दे डॉक्टरला काय टोचायचं ते." म्हणताना त्यांनी शर्ट पोटावरून खाली ओढून घेतला.

ते गेल्यावर मी पॅड चिमट्यात धरला आणि खालून लायटर लावला. तेल लागलेला पॅड तापला की धूर येतो, आणि धुराला वास असतो. मशीनचं तेल असेल तर गॅरेजचा वास, गोडंतेल असेल तर भज्यांचा. या पॅडचा धूर नाकात गेला आणि मला एकदम आमच्या हिची वेणी आठवली.

माक्याचं तेल. केसांना लावायचं.

आता भाऊसाहेबांच्या डोक्यावर तेल लावावं असं काही शिल्लक नाही. कोजागिरीला त्यांनी टोपी काढली की लोक दुधाचं पातेलं तिकडे सरकवतात. आणि घरात दुसरं माणूस एकच.

पॅड बदलून सायकल मी स्वतःच पोचवायला गेलो. भाऊसाहेब भाजी आणायला गेले होते. मालतीवहिनींनी चहा टाकला. वहिनींची वेणी अजून जाडजूड, आणि अख्ख्या खोलीत माक्याचा वास.

"वहिनी," मी म्हटलं, "ब्रेकला केस यायचे नाहीत हो कितीही लावलंत तरी."

दुसरी कुणी असती तर लाजली असती, नाहीतर कानावर हात ठेवले असते. या बाईने कपात चहा ओतला, साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "कळलं का शेवटी तुम्हाला? दुसऱ्या खेपेलाच कळेल असं वाटलं होतं."

"पण का?"

"इकडे या."

त्यांनी मला गॅलरीत नेलं. घर दुसऱ्या मजल्यावर, गल्लीच्या उताराच्या तळाशी. वर कोपऱ्यावर बघितलं तर गॅलरीतून फक्त एका पत्र्याची कड दिसत होती. पत्रा दिसत होता, त्याच्याखालचं काही दिसत नव्हतं. पण वास येत होता. पत्र्याखाली जिलेबीवाल्याची कढई.

"सायकल नवीन आली तेव्हा आपोआपच ओरडत होती," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या दिवशी कोपऱ्यावर ओरडली. मग बऱ्याच वेळाने खाली दारात ओरडली. मी म्हटलं, कोपऱ्यावर ब्रेक कशाला लागला यांना? दुसऱ्या दिवशी परत तेच. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. फक्त दारात ओरडली तर सरळ घरी आले. कोपऱ्यावर ओरडली तर थांबले. आणि दोन ओरडण्यांच्या मध्ये किती वेळ गेला त्यावरून एक खाल्ली का पाव किलो खाल्ली, तेही कळतं."

"वेळेवरून?"

"कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात जन्म गेला माझा, मिस्त्रीभाऊ. एवढं कळत नाही होय?"

मी पत्र्याच्या त्या कडेकडे परत बघितलं.

"कोपऱ्यावर आवाज आला की मी इथून हाक मारायची. हातातली तशीच टाकून येतात घरी. आणि तुम्ही काय केलंत? आवाज बंद केलात. त्या आठवड्यात यांची साखर जी वर गेली! मीटरवर मीच बघितली. यांना विचारलं तर म्हणे, काय नाय गं, मोसंबी खाल्ली. मग मला आठवलं, हेच सांगत आले होते, मिस्त्री म्हणतो तेलाचं बोट लागलं की बोंबलतो."

म्हणजे औषध मीच लिहून दिलं होतं. तेही न विचारता.

हसू येत होतं, पण धंद्याचा माणूस आतून हादरला होता. कारण तेल लागलेला ब्रेक नुसता ओरडत नाही, तो धरतही नाही. मी वहिनींना गल्लीचा उतार दाखवला. खाली मोठा रस्ता, रिक्षा, टेम्पो. म्हटलं, "वहिनी, साखरेपासून वाचवाल आणि टेम्पोखाली घालाल. तेल प्यायलेला पॅड म्हणजे ओरडतो खूप आणि काम काही करत नाही."

वहिनींचा चेहरा उतरला. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी कठडा धरून खाली मोठ्या रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नाही लावणार मी तेल. पण मग तुम्हीच काहीतरी करा. ब्रेक धरलाही पाहिजे आणि ओरडलाही पाहिजे."

"वहिनी, लोक माझ्याकडे आवाज बंद करायला येतात."

"तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा."

बाईने बरोबर नस धरली. मला जमत नाही हे वाक्य मी आमच्या हिच्याकडून सोडून कुणाकडूनही ऐकून घेत नाही.

सायकल मी भाऊसाहेबांसाठी "अजून थोडं काम बाकी आहे" असा निरोप ठेवून परत दुकानात आणली आणि दार अर्धं ओढून घेतलं, कारण असलं काम उघड्यावर करायचं नसतं. आयुष्यभर जे जे टाळायला शिकलो होतो ते सगळं एकेक करून मुद्दाम करायला घेतलं. मऊ पॅड काढले आणि धातूची भुकटी दाबून केलेले कडक पॅड घातले. हे पॅड धरतात राक्षसासारखे, पण स्वभावाने भांडकुदळ. पॅडच्या कडा आपण घासून उतरत्या करतो म्हणजे आवाज मरतो. मी त्या धारदार ठेवल्या. चिमटा सरळ करतो तो एक केसभर तिरका ठेवला. बोल्ट मात्र सगळे गच्च. पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक तसेच केले, कारण भाऊसाहेब लिलावातले, पुढचा मुका ठेवला तर ते दुसऱ्या दिवशी ओळखणार.

वेडंवाकडं काम नीट करायला फार मेहनत लागते हो. एकदा आवाज बारीक आला, एकदा घोगरा आला, मला पसंत पडेना. शेवटी असा खणखणीत सूर लागला की गिरणीवाल्याने परत गिरणी बंद केली. उतारावर नेऊन दाबला तर सायकल जागच्या जागी खिळली आणि गल्लीतली सगळी कुत्री उठून उभी राहिली. मी समाधानाने मिशी पुसली. एवढं सुंदर काम, आणि कुणाला सांगायची सोय नाही.

भाऊसाहेबांना मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "ही थाळी जातीचीच ओरडी आहे. पण धरते बघा कशी. तुमच्या वजनाला अशीच लागते. आवाज बंद करायला गेलं तर ब्रेक लागणार नाही आणि मग टेम्पो."

भाऊसाहेबांनी ब्रेक दाबून बघितला. माझ्याकडे बघितलं. परत दाबला. "स्कूटर काढतो म्हणालो होतो मी," ते म्हणाले, पण जोर नव्हता. घरी वहिनींनी स्कूटरची किल्ली आधीच कुठेतरी जपून ठेवली होती, इतकी जपून की ती त्यांनाही सापडत नव्हती म्हणे.

त्यानंतर आमच्या गल्लीला रोज सकाळी करमणूक झाली. कोपऱ्यावर ब्रेक किंचाळायचा, की गॅलरीतून "अहो, मी ऐकतेय" असा सूर यायचा. वहिनी पूजेत असल्या तर कोपऱ्यावरची मेथीवाली मावशीच सांगायची, "काका, काकूला ऐकू गेलं बरं का. पुढं व्हा." भाऊसाहेबांनी सगळं करून बघितलं. सायकल वरच्या गल्लीत लावून चालत गेले, तर तिथे लावतानाच ती बोंबलली. एक दिवस ब्रेक न दाबता पायाने थांबवायला गेले. चप्पल कोपऱ्यावर राहिली आणि भाऊसाहेब मेथीच्या पाट्यांमध्ये. मावशीने त्या दिवशी त्यांच्या आवाजाला मागे टाकलं. जिलेबीवाला बिचारा त्यांना बघितलं की कढईवर झाकणच ठेवायला लागला, म्हणायचा, "काका, माझ्या गिऱ्हाइकांच्या कानाला त्रास होतो."

मग तपासणी झाली. आकडा उतरला. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन नको, असंच चालू ठेवा. वहिनींनी माझ्याकडे वाटीभर शेंगदाण्याची चटणी पाठवली. गोड नव्हतं, यावरून पहारा अजून चालू आहे हे मी समजलो.

मला मात्र आतून टोचत होतं. गिऱ्हाइकाने मौन मागितलं आणि मी त्याला बोंब विकली. ही करामत पुढे कुणाला कळली तर माझ्याकडे ब्रेक घेऊन कोण येईल, असं वाटायचं. म्हणून एक दिवस भाऊसाहेब दुकानासमोर उभे दिसले तेव्हा माझा पाना हातातून सुटला. बरोबर एक दुसरी नवी सायकल होती, डिस्कची, चकचकीत. ते ओरडत नव्हते, नुसते उभे होते. भाऊसाहेब ओरडत नाहीत म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं, कारण सायकलही गप्प आणि तेही गप्प, असं आधी कधी झालं नव्हतं.

"या सायकलला," ते म्हणाले, "माझ्यासारखाच आवाज बसव."

मी खाली पडलेला पाना उचलला. "तुम्हाला कधीपासून माहितीये?"

"ते राहू दे. बसवतो का नाय?"

"कुणाची आहे?"

"आमच्या व्याह्यांची. गेल्या महिन्यात आपल्याच गल्लीत राहायला आलेत. सकाळी आम्ही दोघं बरोबर जातो."

"त्यांनाही साखर निघाली का?"

"नाय."

"मग?"

भाऊसाहेबांनी सायकल स्टँडला लावली.

"माझ्यासमोर बसून जिलेबी खातात."